माकणीच्या दोन खेपा

आता नाकाही नाही आणि निजामही नाही. पण तेव्हा आमच्या सोलापुरात निजामाच्या मोगलाईविषयी बोलणारे पुष्कळ आणि तिथं गेलेले थोडे. नाका ओलांडला की पाणी कडू आणि माणसं वाकडी, असं छातीठोक सांगणारे लोक दवाखान्याच्या ओट्यावर रोज भेटायचे. मी एकाच महिन्यात दोन खेपा केल्या, मोठी लढाई चालू असतानाच्या एका माघाच्या अखेरीस. पाणी गोड आहे. वाकडं कोण निघालं ते लिहायला इतकी वर्षं धीर झाला नाही. ज्या माणसापासून ते लपवायचं होतं ते माणूस आता गेलं, म्हणून बसलो लिहायला.

मी दवाखान्यात ड्रेसर. जखमा धुणं, टाके काढणं, पट्ट्या बांधणं, ऑपरेशनच्या आधी पेशंटची हजामत करणं, यात तेव्हा अठरा वर्षं गेली होती. आमचे डॉक्टरसाहेब म्हणायचे, "पोट शिवणं सोपं आहे, शिवलेलं टिकवणं अवघड." हे वाक्य मी येणाऱ्याजाणाऱ्याला माझंच म्हणून ऐकवायचो. तोंडाळ माणूस आहे मी, लपवत नाही.

धाकटी बहीण सुभद्रा नाक्यापलीकडं, मोगलाईतल्या माकणीला दिलेली. तिचे मालक नरहरी, म्हणजे आमचे दाजी. त्यांच्या बेंबीपाशी लिंबाएवढी गाठ होती, ती दोन वर्षांत कवठाएवढी झाली. खोकलं की पुढं यायची, निजलं की आत जायची. अंतर्गळच तो, फक्त बेंबीतला. गावच्या वैदूनं वर नाणं ठेवून पट्टा बांधून पाहिला होता. अशा गाठीत आतडं अडकलं तर माणूस दोन दिवसांत जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं, म्हणून ऑपरेशनसाठी मीच मागं लागलो. सुभद्रा घाबरली. "दादा, पोट फाडायचं म्हंजे लई जोखीम की," म्हणाली. मी म्हणालो, "फाडणार साहेब. जखम माझ्या हातात राहील. मी शब्द देतो तुला."

साहेबांनी महिनाभर आधी दाजींची चिलीम सोडवली, खोकल्याच्या उबळीनं शिवण उसवते म्हणून. बेंबी रोज साबणानं धुवायला लावली. ऑपरेशन झालं, टाके निघाले. अठराव्या दिवशी शिवणीच्या खालच्या टोकाला हरभऱ्याएवढी जागा ओली होती, बाकी सगळं सुकलं. साहेब म्हणाले, अजून दहा दिवस राहा. दाजी म्हणाले, ज्वारी काढणीला आलीय, शिवरात्र आलीय, घरात म्हातारी माय आणि सुभद्रा दोघीच. शेवटी असं ठरलं की मी बरोबर जायचं, चार दिवस राहून घरच्यांना पट्टी करायला शिकवायचं, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा एकदा जखम पाहूनच सोलापूरला परतायचं. बहिणीचं घर आणि वर रजा, मी खुशीत निघालो.

नाका आणि नळदुर्ग

लढाईमुळं पेट्रोल नव्हतं. मोटार कोळशाच्या धुरावर चालायची, आणि चढ आला की उतारूंनी उतरायचं. दाजींना मी उतरू दिलं नाही. ते मागच्या बाकावर पोटाशी घडीचा पंचा धरून बसलेले. खोकला आला की पंचा दोन्ही हातांनी जखमेवर दाबायचा, हे मी त्यांच्याकडून इतकं घोकून घेतलं होतं, की शिंक आली तरी ते पंचा दाबून माझ्याकडं बघायचे, बरोबर केलं ना म्हणून.

करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, नाक्यावर झडती झाली. माझ्या पत्र्याच्या डब्यात वाफवलेल्या पट्ट्या होत्या. जुनी धोतरं फाडून केलेल्या, कारण जाळीचं कापड लढाईवर गेलेलं. नाकेदारानं विचारलं, "इसमें क्या है जी?" मी ओरडलो, "पट्ट्या हैं साहेब, हात नक्को लगाव!" तोवर त्याचा हात कोपरापर्यंत आत. "पट्टियाँच तो हैं," तो म्हणाला आणि मिशीतून हसला. मी चिडून त्याला जंतूंवर व्याख्यान दिलं, माझ्या मोडक्या हिंदीत. तो शांतपणे ऐकत राहिला. मग मोटारीत डोकावला, दाजींचा चेहरा पाहिला आणि स्वतःची बाज बाहेर काढून लिंबाखाली टाकली. "पैले मरीज को लिटाव, बाद में मेरे कू गाल्याँ देव," म्हणाला. मोटारीचा कोळसा पेटेपर्यंत दाजी त्या बाजेवर पडून होते. आमच्या हद्दीतल्या नाक्यावर मला कुणी कधी बस म्हटलेलं आठवत नाही.

पट्ट्या मात्र सगळ्या वाया गेल्या. नळदुर्गला उतरल्यावर एका चहावाल्याचं पातेलं मागून घेतलं आणि त्या उकळत ठेवल्या. गिऱ्हाईकं चुलीभोवती जमली. एकानं विचारलं, "काय शिजतंय पाव्हणं?" म्हटलं, "धोतर." तो गंभीरपणे म्हणाला, "मीठ बेतानं घाला." दाजी हसायला लागले आणि लगेच पोटाला पंचा लावला. त्या माणसाला हसतानासुद्धा शिस्त होती.

दुसऱ्या दिवशी गाडीवान विठोबाची बैलगाडी ठरवली. तळाला हातभर कडबा, त्यावर गोधडी आणि त्यावर दाजी. लोहाऱ्यापर्यंत दोन्ही बाजूंना काळी रानं, करडईला फुलं आलेली, कुठं ज्वारी उभी तर कुठं आडवी. विठोबा बैलांशी कानडीत बोले, आमच्याशी मराठीत आणि वाटेत पोलिसातल्या अमीनसाहेबांचा टांगा आडवा आला की उर्दूत. मी म्हटलं, "विठोबा, तीन भाषा कशा येतात?" तो म्हणाला, "बैलाला मराठी कळत न्हाय आन अमीनाला कायच कळत न्हाय. करावं लागतंय." एका शेतात हुरडा मिळाला. आमच्याकडं हुरड्याबरोबर गूळ देतात, इथं जवसाची चटणी. मला त्यांचंच आवडलं. दाजींना मी चारच चिमट्या दिल्या, कुंथावं लागलं तर शिवण ताणते म्हणून. त्यांनी पाचवी मागितली नाही.

माकणी

दाजींची आई, तिला सगळं गाव माय म्हणायचं. साठी उलटलेली, वाळलेल्या बाभळीसारखी काटक. तिनं दारात लेकावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पण त्याला शिवली नाही. आधी मला विचारलं, "हात लावू का?" मला तिचं फार कौतुक वाटलं. दवाखान्यात शिकलेली माणसंसुद्धा विचारत नाहीत.

त्या संध्याकाळी मी सोप्यात बसून नियम सांगितले. माय आणि सुभद्रा समोर.

"हळद?" मायनं विचारलं.

"नाही."

"तूप? तेल?"

"बिलकूल नाही."

"देवाचा अंगारा तरी?"

"कपाळाला लावा. पोटाला नाही."

"बरं. पाव्हणं, आमच्यातलं काय काय करायचं न्हाय त्ये समदं सांगून ठिवा. म्या अडानी हाय. मागनं आमच्यावर बोल नगं."

मग काय, मला चेवच चढला. हात कोपरापर्यंत साबणानं धुवायचे, पट्टी उकळलेलीच हवी, काढलेली पट्टी चुलीत टाकायची, माश्या बसू द्यायच्या नाहीत, कळशी उचलायची नाही, बैलाला दावं लावायचं नाही, चिलीम नाही, गाठीवरचा वैदूचा पट्टा नाही. बोटं मोजून मोजून सांगितलं. माय प्रत्येक नियमाला मान हलवत होती. त्या मानेवर माझा पूर्ण विश्वास बसला, आणि तो खोटा ठरला नाही.

चार दिवस सुखाचे गेले. सुभद्रा पट्टी माझ्याहून हलक्या हातानं करायला लागली. ओली जागा हरभऱ्याची मुगाएवढी झाली. दाजी अंगणात बसून शेजाऱ्यांना पंचा दाबून खोकायचं प्रात्यक्षिक दाखवायचे. मायच्या हातची शेंगांची चटणी आमच्या सोलापुरी चटणीहून भरड, आणि खरं सांगायचं तर सरस. सोलापूरकरांनी रागावू नये. पाचव्या दिवशी मी निघालो. बहिणीच्या सासरी भावानं चार दिवसांवर राहू नये असं आमच्याकडं मानतात. दाजी म्हणाले, "पाव्हणं, ऱ्हावा की. उद्या शिवरात्र हाय." मी म्हणालो, "तुमचं काम झालंय, आता मला जरा फिरू द्या."

आणि मी फिरलो. नळदुर्गच्या किल्ल्यात दोन दिवस हिंडलो. नदीला बांध घालून त्याच्या पोटात महाल बांधलाय, भर उन्हातही तिथं अंगाला गारवा लागतो. शिवरात्रीला तिथल्याच एका घरी भगर आणि रताळी खाल्ली. तिथून तुळजापूरला गेलो, सुभद्रेनं दाजींसाठी बोललेला नवस फेडला, नारळ आणि परडी दिली. त्या आठवड्यात मी जितका हसलो, खाल्लं, झोपलो, तितकं कित्येक वर्षांत केलं नव्हतं. हे मुद्दाम लिहितो, कारण त्या प्रत्येक दिवशी माकणीत काय चाललं होतं ते मला नंतर कळलं.

पुन्हा माकणी

दारातच वास आला. अठरा वर्षं ज्या वासात पोटाला मिळवलं, तो मला कुणी सांगावा लागत नाही. प्रसादाचं गाठोडं मी ओट्यावर टाकलं.

दाजी तापानं फणफणलेले, ओठ कोरडे. पोट बेंबीपासून कुशीपर्यंत लाल आणि कडक. सुभद्रा म्हणाली, "परवापासनं हाय. मानूस धाडनार हुतो, तर हेच म्हनले, दादा येतोयच की." मी हात धुतले, पोटाला गुंडाळलेलं फडकं सोडलं, पट्टी उचलली. पट्टी स्वच्छ, उकळलेली, नीट घडीची. आणि तिच्या खाली, जखमेवर, नवा कोरा काळा करदोडा. पाच पदरी, जाड, आवळून बांधलेला. त्याची गाठ नेमकी त्या ओल्या जागेवर आलेली, मांसात रुतलेली, आणि भोवती पू.

माझी जीभ सुटली. "माय, हे कुणाचं शहाणपण? इतकं घसा फोडून सांगितलं, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. लेकाचा जीव घ्यायला बसलात तुम्ही."

माय पुढं आली. म्हणाली, "तुमी सांगितलेलं एक बी मोडलं न्हाय, पाव्हणं. हळद लावली न्हाय, तेल लावलं न्हाय. हात धुतल्याबिगर शिवले न्हाय. करदोड्याचं तुमी कायच बोलला न्हाय. तुमी गेल्यावर म्या त्येचं अंग पुसाय घेतलं, तवा दिसलं. कंबर मोकळी. जित्या मानसाची कंबर मोकळी आसती व्हय? मढ्याचा करदोडा तोडत्यात. म्या शिवरातीला देवापुढं ठिवून आनला आन बांधला. दवाखान्यात कुना मेल्यानं तोडला असंल, त्येच्या हाताला किडं पडू दे."

तो मी तोडला होता.

ऑपरेशनच्या सकाळी हजामत करताना दाजी म्हणाले होते, "पाव्हणं, तेवढा ऱ्हाऊ द्या की." मी म्हणालो, "काय सोनं दडवलंय काय त्यात, दाजी?" आणि कात्री चालवून बादलीत टाकला. वर्षभर घामानं भिजलेला दोरा, त्याच्याइतकी घाण दुसरी नाही. तोडला ते बरोबरच केलं, आजही तेच म्हणेन. पण अठरा वर्षांत असे किती करदोडे मी बादलीत टाकले आणि घरी गेलेल्या त्या कंबरांचं पुढं काय झालं असेल, हा विचार एकदाही मनात आला नाही. बोटं मोजून नियम सांगताना माझ्या स्वतःच्या कमरेला करदोडा होता, सारखा टोचत होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो मी. नंतर साहेबांना सगळं सांगितलं. तेव्हापासून आमच्याकडं करदोडा तोडला की नवा दोरा उकळून दंडाला बांधतात, आणि जखम भरेपर्यंत कमरेला बांधायचा नाही हे पेशंटच्या आईला समोर बसवून सांगतात. दाजींना त्याचा काय उपयोग?

तेव्हा, त्या घरात, मी गप्प बसलो. दाजींनी डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. मग मायला म्हणाले, "दवाखान्यात लई मानसं आसत्यात माय. कोन त्ये ध्यानात न्हाय." लाज वाटली आणि बरंही वाटलं. दोन्ही एकदम वाटलं, तेही लिहून ठेवतो.

मी कात्री उकळत्या पाण्यातून काढली. मायनं हात आडवा घातला. "तोडू नगा. पाया पडते. सोडते म्या." तिनं साबण घेतला, मी शिकवलं तसे कोपरापर्यंत हात धुतले, नखं घासली. गाठ पुवानं सुकून दगड झाली होती. कोमट पाण्यानं भिजवत भिजवत ती म्हातारी तिच्याशी बराच वेळ झुंजत राहिली, आणि दाजी पंचा तोंडात धरून पडून राहिले. एकदाची गाठ सुटली. मी जखम उघडी केली, पू काढला, डब्यातली उरलीसुरली सल्फाची पूड सगळी ओतली. लाली कुशीतून पाठीकडं चालली होती. इथं माझं काम संपलं होतं, साहेबच हवे होते.

तांबडं फुटताच विठोबानं गाडी जुंपली. मी आणि सुभद्रा दाजींच्या दोन्ही बाजूंना. माय घरी राहिली, गाडी दिसेनाशी होईतो दारात उभी होती. आठ-दहा दिवसांपूर्वीचीच वाट, तीच करडई. दाजी मधूनच शुद्धीवर येत आणि ज्वारीचं विचारीत. लोहारा मागं पडल्यावर म्हणाले, "सुभद्रे, ऊन लई हाय, पदर घे." तिनं पदर त्यांच्याच तोंडावर धरला. दुपारी एका बाभळीखाली विठोबानं बैल थांबवले. सुभद्रेनं हाक मारली नव्हती, ती फक्त पदर खाली घेऊन बसली होती. मी नाडी धरली. मग विठोबानं कुणाला न विचारता बैल माघारी वळवले.

अंगणात आंघोळ घालताना गावच्या एका वडीलधाऱ्या माणसानं दाजींच्या कमरेला हात लावला आणि विचारलं, "करदोडा कुठाय?" जित्याचा बांधतात, मेल्याचा तोडतात, तो विधी व्हायलाच हवा. माय उंबऱ्यात बसली होती. म्हणाली, "न्हाय त्याला. म्या माझ्या हातानं सोडला. तितंच चुकलं माझं. सोडला नसता तर लेक गेला नसता." मी हातात पाण्याची घागर घेऊन उभा होतो. पुढं होऊन बोलायला हवं होतं. ओतत राहिलो.

तिसऱ्या दिवशी राख सावडून झाली. सुतकाच्या घरात चूल पेटत नव्हती, शेजारणी भाकरी आणून देत. निघायच्या वेळी सुभद्रा गोठ्यापाशी आली. कपाळ मोकळं. मला बघवेना.

"दादा, तितं समद्यांची हजामत तूच करतूस न्हवं?"

"हो."

"मग ह्यांची बी?"

"मीच केली, सुभे. करदोडा मीच तोडला."

ती गाईकडं बघत राहिली. "तुला ठाऊक न्हवतं व्हय, मढ्याचा तोडत्यात म्हनून?"

"ठाऊक होतं." मग म्हणालो, "मायला सांगतो मी. ती सगळा दोष स्वतःवर घेऊन बसलीय. मला आत जाऊ दे."

सुभद्रेनं माझं मनगट धरलं. लहानपणी जत्रेत धरायची तसं, घट्ट. "जायाचं न्हाय. आत्याबाई चार वरसं काढतील न्हायतर पाच. मला जलम काढायचाय ह्या घरात. त्यांनी तुझं येनं तोडलं तर मला माहेर कोन हाय? तू कायबी बोलायचं न्हाय. मी बी इचारलं न्हाय."

तिनं भाकरीचं गाठोडं माझ्या हातात दिलं. तेवढ्यात आतून मायची हाक आली, बसलेल्या आवाजात, "सुभद्रे, पाव्हण्याच्या हातावर पानी घाल गं. लांबचा पल्ला हाय, दोन घास खाऊन जाऊ दे त्यास्नी."

सुभद्रेनं तांब्या वाकवला. मी दोन्ही हात पुढं केले.